बावन्न दिवसांचा तट: नहेम्याच्या कथेवरून डावपेचांचा पटखेळ घरी कसा तयार करावा

एखाद्या पटावर नोहाचे तारू छापले किंवा सोंगट्यांना दावीद आणि गल्याथ अशी नावे दिली, म्हणून तो खेळ बायबलमधला होत नाही. चित्रे काढून टाकल्यावर उरलेल्या नियमांतून मूळ कथा ओळखता आली, तरच विषय खेळात उतरला असे म्हणता येईल. साप आणि शिड्यांच्या पटावर बायबलमधील प्रसंग रंगवून मुलांना देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला स्वतःचा मान आहे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट याच जातीचा असून तेथे शिकवण सद्गुणांच्या शिड्यांत आणि दुर्गुणांच्या सापांत लिहिलेली असते. मात्र त्या पटावर खेळाडूला निवड करावी लागत नाही, कारण सर्व काही फासा ठरवतो. डावपेचांच्या खेळात निवड हाच गाभा असतो, आणि म्हणून बायबलमधील ज्या कथांत माणसांना तुटपुंज्या साधनांतून, मर्यादित वेळेत आणि एकमेकांशी जुळवून घेत निर्णय घ्यावे लागले, त्याच कथा या प्रकाराला मानवतात.

असे तयार खेळ जगात आहेत. क्लाउस टॉयबर यांच्या 1995 च्या ‘कटान’वरून 2002 मध्ये ‘द सेटलर्स ऑफ कनान’ निघाला, आणि क्लाउस-युर्गन व्रेडे यांच्या 2000 च्या ‘कारकासोन’वरून 2003 मध्ये ‘द आर्क ऑफ द कव्हेनंट’ निघाला. न्यूझीलंडच्या गार्फिल गेम्सने 2024 मध्ये ‘एझ्रा अँड नेहेमायाह’ प्रसिद्ध केला. त्यात डाव तीन आठवड्यांचा असतो, ढिगारा उपसावा लागतो, तट आणि वेशी बांधाव्या लागतात, कामकऱ्यांना जेवू घालावे लागते आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवसही पाळावा लागतो. हे खेळ चांगले असले तरी ते इंग्रजीत आहेत, आणि शब्बाथ शाळेतील (चर्चच्या रविवारच्या वर्गातील) बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात इंग्रजी नियमावली उलगडत बसणे सोपे नसते. म्हणून येथे नवख्या माणसाने मराठीत, घरच्या साहित्यातून, एक पूर्ण खेळ कसा तयार करावा हे क्रमाने सांगितले आहे. कथा यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधणाऱ्या, बायबलमधील नहेम्याची घेतली आहे, कारण त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय हा जवळजवळ आखून ठेवलेला पटच आहे.

पहिली पायरी: पेन्सिल घेऊन वाचन

नियम सुचण्यापूर्वी नहेम्याचे दोन ते सहा हे अध्याय सलग वाचावेत आणि वाचताना तीन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत ठिकाणे लिहावीत, दुसरीत ज्या गोष्टींची टंचाई भासली त्या, आणि तिसरीत ज्या जागी कोणाला तरी निवड करावी लागली ते प्रसंग.

प्रसंग थोडक्यात असा आहे. पारसाचा राजा अर्तहशश्त याच्या विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 445 च्या सुमारास, शूशन या राजधानीत राजाचा प्यालेबरदार (राजाला द्राक्षारस देणारा सेवक) असलेला नहेम्या परवानगी घेऊन यरुशलेमेस येतो, रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन पडलेल्या तटाची पाहणी करतो आणि लोकांना कामाला उभे करतो. सनबल्लट, तोबीया आणि गेशेम हे तिघे विरोधक आधी थट्टा करतात, मग धमकावतात, आणि शेवटी कट रचतात. तरीही तट 52 दिवसांत, अलूल या यहुदी महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पुरा होतो.

ठिकाणांच्या यादीत तिसऱ्या अध्यायातून दहा वेशी मिळतात. मेंढरांच्या वेशीपासून सुरुवात होते आणि वर्णन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने शहराला वळसा घालते: मेंढरांची वेस, माशांची वेस, जुनी वेस, खोऱ्याची वेस, उकिरड्याची वेस, झऱ्याची वेस, पाण्याची वेस, घोड्यांची वेस, पूर्वेची वेस आणि हजेरीची वेस. (येथे अर्थ धरून साधी नावे दिली आहेत. आपल्या मंडळीत वाचल्या जाणाऱ्या भाषांतरातील नावे पटावर लिहावीत.) बारकाईने वाचल्यास असे दिसते की कवाडे बसवल्याचा स्पष्ट उल्लेख पहिल्या सहा वेशींबाबतच आहे. उरलेल्या चार वेशींचा उल्लेख आसपासच्या कामाची खूण म्हणून येतो. हा फरक आपण नियमात वापरणार आहोत.

टंचाईच्या यादीत मनुष्यबळ, लाकूड, धान्य आणि मोकळी जागा येतात. ढिगारा इतका होता की ओझी वाहणाऱ्यांची शक्ती खचली, अशी तक्रार चौथ्या अध्यायात आहे, आणि झऱ्याच्या वेशीजवळ तर नहेम्याच्या जनावराला पुढे जायलाही वाट नव्हती. पाचव्या अध्यायात धान्यासाठी शेते आणि द्राक्षमळे गहाण पडतात, मुले दास्यात जातात. निवडींची यादी मात्र सर्वांत मौल्यवान असून तिच्यावर घाई करू नये. तकोवा गावच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही. बेथ-हक्करेमच्या अधिकाऱ्याने उकिरड्याची वेस दुरुस्त केली. सोनार आणि अत्तरे करणारे दगडाच्या कामाला आले, आणि शल्लूमबरोबर त्याच्या मुलींनीही हात लावला. काहींनी आपापल्या घरासमोरचा भाग घेतला. ओनोच्या मैदानात भेटायला ये, असे निरोप आले तेव्हा हाती मोठे काम असल्यामुळे येता येत नाही, असे नहेम्याने कळवले. या प्रत्येक वाक्यात एकेक नियम दडलेला आहे.

दुसरी पायरी: घड्याळ शोधणे

डावपेचांच्या खेळाला शेवट लागतो, आणि तो शेवट सर्वांना दिसत राहिला पाहिजे. बावन्न दिवस ही मर्यादा कथेतच दिलेली आहे, आणि पत्त्यांच्या एका जोडातही बावन्नच पाने असतात. एक पान म्हणजे एक दिवस. गड्डी संपली की मुदत संपली. एक्का ते दश्शी ही प्रत्येक रंगातील दहा पाने दहा वेशींना लागू पडतात, आणि राजा, राणी, गुलाम ही चित्रांची पाने विशेष प्रसंगांसाठी मोकळी राहतात.

एक व्यावहारिक अडचण येथेच सांगितली पाहिजे. आपल्याकडील अनेक ख्रिस्ती घरांत पत्ते जुगाराशी जोडले जातात आणि वडीलधाऱ्यांना ते शब्बाथ शाळेत आणलेले रुचत नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी कार्डशीटची बावन्न पाने कापून चार रंगांच्या खडूने ती रंगवावीत, प्रत्येक रंगात 1 ते 10 आकडे लिहावेत आणि उरलेल्या तीन-तीन पानांवर प्रसंगाचे नाव लिहावे. मुलांकडून हे काम करून घेतल्यास खेळ सुरू होण्यापूर्वीच अर्धी कथा त्यांच्या हाताखालून जाते.

तिसरी पायरी: पट आणि साहित्य

मोठ्या पुठ्ठ्यावर शहराचा लांबोडा घेर काढून त्याचे दहा खण करावेत आणि वर उत्तरेला मेंढरांची वेस ठेवून तेथून डावीकडे क्रमांक घालत जावेत. खोऱ्याच्या वेशीपासून उकिरड्याच्या वेशीपर्यंत हजार हात तट दुरुस्त झाला असे पुस्तकात आहे, त्यामुळे चौथा खण इतरांपेक्षा लांब काढल्यास पटाला खरेपणा येतो. तटाच्या दगडांसाठी 40 चिंचोके घ्यावेत, ढिगाऱ्यासाठी 35 बारीक खडे, लाकडासाठी गूल काढलेल्या 15 काड्या, धान्यासाठी 30 हरभरे आणि धास्तीसाठी 10 लाल बटणे. प्रत्येक खेळाडूला श्रमांची 3 पांढरी बटणे, एक काडेपेटी म्हणजे त्याचे घर, आणि गुणांचे मणी ठेवायला एक कापडी पिशवी द्यावी. मणी शंभराच्या आसपास असावेत.

मांडताना उकिरड्याच्या वेशीवर 4 खडे, झऱ्याच्या वेशीवर 3 आणि बाकी आठ खणांवर प्रत्येकी 2 खडे ठेवावेत, म्हणजे एकूण 23 होतात. प्रत्येकाला 2 हरभरे द्यावेत. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि त्या क्रमाने उकिरडा सोडून कोणत्याही खणासमोर एकेकाने आपले घर मांडावे. दोघेच खेळत असतील तर प्रत्येकाने दोन घरे मांडावीत. चारपेक्षा जास्त खेळाडू घेऊ नयेत. मुले जास्त असतील तर जोड्या कराव्यात, कारण आपसांत कुजबुजून ठरवण्यात त्यांचे शिकणे अधिक होते.

चौथी पायरी: एका दिवसाचे नियम

ज्याची पाळी असेल त्याने गड्डीतील वरचे पान उलटावे, त्यावरील प्रसंग आधी घडू द्यावा आणि मग आपले 3 श्रम खर्च करावेत.

इस्पिकच्या आकड्याचे पान आल्यास त्या क्रमांकाच्या खणावर लाल बटण, म्हणजे धास्ती, ठेवावी. किलवरचा आकडा आल्यास त्या खणावर एक खडा वाढवावा. ज्या खणाचा तट पूर्ण झाला आहे त्याला या दोन्हींची बाधा होत नाही. चौकटचा आकडा आल्यास पाळी असलेल्या खेळाडूने आपल्या घरातील माणसांसाठी धान्य द्यावे: एक्का ते पंजीला 1 हरभरा, छक्की ते दश्शीला 2. बदामचे कोणतेही पान आल्यास लोकांना कामाची हौस आली असे समजून त्या दिवशी 1 श्रम जास्त मिळतो.

श्रम असे खर्च होतात. एक खडा उपसायला 1 श्रम. तटाचा एक थर, म्हणजे एक चिंचोका, चढवायला 2 श्रम, मात्र त्या खणावर एकही खडा शिल्लक नसला पाहिजे. रानातून एक काडी लाकूड आणायला 1 श्रम, आणि लाकूड सर्वांच्या सामाईक ढिगात जाते. शेतातून एक हरभरा मिळवायला 1 श्रम, आणि धान्य मात्र ज्याचे त्याचे. प्रत्येक खणाला 4 थर लागतात. सर्व दहा खणांवर 2 थर होईपर्यंत कोणत्याही खणावर तिसरा थर चढवता येत नाही, कारण संपूर्ण तट आधी अर्ध्या उंचीपर्यंत जोडला गेला असे चौथ्या अध्यायात म्हटले आहे. हा नियम लहान दिसतो, पण खेळाची सगळी ताणाताण त्यातूनच उभी राहते: स्वतःच्या घरासमोर भराभर थर चढवू पाहणाऱ्याला उकिरड्याच्या वेशीचे दोन थर झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि त्या वेशीवर तर चार खडे पडलेले असतात.

तट पूर्ण झाल्यावरच पहिल्या सहा वेशींना कवाडे बसवता येतात. एका कवाडाला 2 काड्या आणि 1 श्रम लागतो. सहाव्या अध्यायाच्या आरंभी तटाला खिंडार उरले नव्हते, पण कवाडे अजून बसवली नव्हती असे आले आहे, तोच क्रम येथे ठेवला आहे.

धास्तीचा नियम करताना मी एकदा चुकलो होतो आणि ती चूक सांगणे उपयोगाचे आहे. पहिल्या मांडणीत इस्पिकचे पान आले की त्या खणाचा एक थर पडत असे. खेळायला ते थरारक होते, पण पुस्तक पुन्हा उघडल्यावर लक्षात आले की शत्रूंनी तटाचा एकही दगड पाडल्याचे तेथे लिहिलेले नाही. कोल्हा चढला तरी हा तट ढासळेल असे तोबीया म्हणतो, हल्ल्याचा बेत होतो, अफवा पसरतात, आणि या सर्वांचा परिणाम माणसांच्या मनावर आणि हातांवर होतो. लोक एका हाताने काम करतात आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरतात. म्हणून आता नियम असा आहे की धास्ती असलेल्या खणावर थर चढवायला 2 ऐवजी 3 श्रम लागतात. ती धास्ती एकट्याने दूर करायची तर 2 श्रम खर्चून पहारा बसवावा लागतो.

याला दुसराही मार्ग आहे. रणशिंग ऐकू येईल तिकडे सर्वांनी जमावे असे नहेम्याने सांगून ठेवले होते. पाळी असलेला खेळाडू रणशिंग फुंकतो असे जाहीर करू शकतो. तसे केल्यास प्रत्येकाने 1 श्रम द्यायचा, इतरांनी तो आपल्या पुढच्या पाळीतून वजा करायचा, आणि पटावरील सर्व धास्ती एकदम उचलायची. दोघेच खेळत असतील तर प्रत्येकी 2 श्रम द्यावेत. एखाद्याला यायचे नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, पण मान न वाकवणाऱ्या तकोवाच्या सरदारांप्रमाणे त्याची नोंद होते आणि त्याचे 2 गुण कमी होतात.

धान्याचा नियम पाचव्या अध्यायावर उभा आहे आणि माझ्या मते या खेळाचा सर्वांत बोलका भाग तोच आहे. धान्य देण्याची वेळ आली आणि हरभरा नसला, तर दुसऱ्या खेळाडूकडे उसना मागावा. देणाऱ्याला गहाण म्हणून घेणाऱ्याचे एक पांढरे बटण मिळते, आणि ते परत जाईपर्यंत घेणारा रोज 2 श्रमांवर व देणारा 4 श्रमांवर काम करतो. उसने धान्य फेडले की बटण परत मिळते. एका वेळी एकच बटण गहाण ठेवता येते. कोणी उसने दिले नाही तर त्या दिवशी उपाशी घराचा 1 श्रम कमी होतो. कर्ज म्हणजे काय हे बारा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही: आपले बटण शेजाऱ्यासमोर काम करताना दिसते आणि ते पुरते.

आता चित्रांची पाने. चौकटचा राजा आला की नहेम्याने भरवलेली मोठी सभा झाली असे समजावे, सर्व गहाण बटणे परत जातात आणि सर्व उसनवारी माफ होते. चौकटची राणी किंवा गुलाम आल्यास प्रत्येकाला 1 हरभरा मिळतो. नहेम्याने बारा वर्षे अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही आणि त्याच्या पंक्तीला दीडशे माणसे जेवत, त्याची ही आठवण आहे. बदामच्या तिन्ही चित्रांना जास्तीच्या श्रमाबरोबर 2 काड्याही मिळतात, कारण राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे नहेम्याने लाकडासाठी पत्र आणले होते. किलवरच्या चित्रांना ओझेकऱ्यांची शक्ती खचते आणि त्या दिवशी 1 श्रम कमी मिळतो.

इस्पिकची तीन चित्रे म्हणजे सनबल्लट, तोबीया आणि गेशेम, आणि तिघांचा निरोप एकच: ओनोच्या मैदानात भेटायला ये. जो जाईल त्याला 2 गुण मिळतात, पण त्याचा तो दिवस तटाच्या दृष्टीने वाया जातो. जो नकार देईल त्याच्या घरासमोरील खणावर अफवेमुळे धास्ती बसते, आणि तो खण पूर्ण झाला असल्यास शेजारच्या अपूर्ण खणावर बसते. नकार दिल्यावर त्याने आपले श्रम नेहमीप्रमाणे वापरावेत. योग्य ते करणाऱ्यालाच येथे त्रास होतो हे मुद्दाम ठेवले आहे, कारण पुस्तकातही तसेच घडते.

पाचवी पायरी: जिंकणे म्हणजे काय

बावन्नावे पान संपण्यापूर्वी तट आणि सहा कवाडे पूर्ण झाली नाहीत तर सर्व जण हरतात. पूर्ण झाली तर पिशवीतील मणी मोजावेत आणि ज्याचे जास्त, तो पहिला. प्रत्येक थराला 1 गुण, स्वतःच्या घरासमोरील थराला 2, कवाड बसवणाऱ्याला 2, आणि उकिरड्याच्या वेशीवरचा प्रत्येक खडा उपसणाऱ्याला 1. इतर कोठेही ढिगारा उपसण्याला गुण नाहीत. जे काम कोणाला नको असते, त्यालाच येथे मोल दिले आहे.

सर्वांचे भले आणि प्रत्येकाचे गुण अशा मिश्र खेळात एक जुना दोष असतो. मागे पडलेल्या खेळाडूला वाटू लागते की मी जिंकणार नाहीच, तर सगळेच का हरू नयेत. यावर उपाय म्हणून मणी पिशवीत झाकून ठेवावेत आणि शेवटपर्यंत कोणी मोजू नयेत. अगदी नवख्या गटाने पहिले दोन डाव तर गुणांशिवायच, फक्त तट पुरा करण्यासाठी खेळावेत. मात्र सर्वांनी मिळून खेळताना एखादा हुशार मुलगा इतरांच्या खेळी सांगू लागतो आणि बाकीचे नुसते हात हलवतात. तेथे शिक्षकाने एवढाच दंडक घालावा की ज्याची पाळी त्यानेच आधी बोलावे.

सहावी पायरी: हिशोब

नियम लिहून झाले की खेळण्यापूर्वी कागदावर हिशोब करावा, कारण खेळ फार सोपा किंवा अशक्य असल्याचे तेथेच कळते. बावन्न दिवसांचे 3 प्रमाणे 156 श्रम होतात. बदामच्या तेरा पानांचे 13 मिळवले आणि किलवरच्या चित्रांचे 3 वजा केले की 166 उरतात. खर्चाच्या बाजूला चाळीस थरांचे 80, मुळातल्या खड्यांचे 23, आणि कवाडांचे 12 श्रम आहेत: बारा काड्यांपैकी सहा बदामच्या चित्रांतून येतात, सहा आणाव्या लागतात आणि सहा कवाडे बसवायची असतात. ही बेरीज 115 होते. उरलेल्या 51 श्रमांत वाढीव ढिगारा, धास्ती, धान्य आणि खेळाडूंचा आपमतलबीपणा हे सर्व सामावले पाहिजे. डाव सतत हरत असल्याचे दिसल्यास मांडणीतले सहा-सात खडे कमी करावेत आणि सतत सहज जिंकत असल्यास तेवढेच वाढवावेत. थरांचा खर्च मात्र बदलू नये, कारण तो अर्ध्या श्रमाने जरी हलला तरी सगळा तोल जातो.

सातवी पायरी: आधी एकट्याने, मग लोकांत

पहिला डाव एकट्याने चौघांच्या वतीने खेळावा आणि जेथे नियम अडतो तेथे वहीत खूण करावी. एका दिवसाला दीड मिनिट धरल्यास पूर्ण डावाला सुमारे 80 मिनिटे लागतात, म्हणून तासाभराच्या वर्गात तो बसणार नाही. अशा वेळी डाव मध्येच थांबवून पटाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि पुढच्या रविवारी तसाच मांडून पुढे चालू करावा.

इतरांना शिकवताना सर्व नियम एकदम सांगू नयेत. आधी तट दाखवून काय पूर्ण करायचे ते सांगावे, मग खडा, थर, लाकूड आणि धान्य यांचे श्रम सांगून पहिले पान उलटावे. धास्ती, गहाण आणि ओनोचा निरोप हे ज्या वेळी पान येईल त्याच वेळी समजावावेत, आणि त्या वेळी मूळ वचन मोठ्याने वाचावे.

शिकवताना पुढील उदाहरण घ्यावे. एका मुलीची पाळी आहे आणि इस्पिकची दुर्री आली, म्हणजे माशांच्या वेशीवर धास्ती बसली. तिचे घर घोड्यांच्या वेशीसमोर आहे, तेथे ढिगारा नाही आणि एक थर झालेला आहे. तिने 2 श्रमांत स्वतःच्या खणावर दुसरा थर चढवला आणि उरलेल्या श्रमात उकिरड्याचा एक खडा उपसला तर तिला 3 गुण मिळतात, पण माशांच्या वेशीवरची धास्ती तशीच राहते. तिने 2 श्रमांत पहारा बसवला तर त्या श्रमांचे गुण काहीच मिळत नाहीत, आणि सुटलेल्या जागेचा फायदा पुढचा खेळाडू घेईल. रणशिंग फुंकावे तर एकाच धास्तीसाठी चौघांचे चार श्रम जातील. यातले बरोबर काय, हे शिक्षकाने सांगू नये. तिला विचार करू द्यावा आणि डाव संपल्यावर, तू तेव्हा तसे का केलेस, एवढेच विचारावे.

काही गोष्टींबाबत जपून राहावे

नहेम्या प्रत्येक मोठ्या पावलाआधी प्रार्थना करतो, आणि म्हणून प्रार्थनेचेही पान असावे असे नव्याने खेळ करणाऱ्याला हमखास वाटते. माझा सल्ला आहे की तसे करू नये. प्रार्थनेचे पान टाकून 2 श्रम मिळाले की प्रार्थना हे चलन होते, आणि मुले ती तशीच वापरू लागतात. डावाच्या आरंभी चौथ्या अध्यायातील ते वचन वाचावे, ज्यात लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही ठेवला असे आहे, आणि खेळाच्या नियमांत फक्त पहारा ठेवावा.

शत्रूंची नावेही सनबल्लट, तोबीया आणि गेशेम अशी व्यक्तींचीच ठेवावीत. पुस्तकात त्यांच्या जमातींचे उल्लेख आहेत, पण पटावर ते लिहिल्यास मुले ती नावे आजच्या माणसांना चिकटवतात, आणि तसे होऊ देणे बरे नाही.

तिघे खेळत असतील तर प्रत्येकाला 17 दिवस मिळतात आणि एक पान उरते. त्या बावन्नाव्या दिवशी पान उलटल्यावर पाळी कोणाचीच नसते: तिघांनी प्रत्येकी 1 श्रम द्यावा आणि तो कोठे लावायचा हे मिळून ठरवावे. ते पान चौकटच्या आकड्याचे निघाल्यास धान्य ज्याच्याकडे जास्त असेल त्याने द्यावे, आणि त्या दिवशी केलेल्या कामाचे गुण कोणालाही देऊ नयेत.